हाताला आठवतं, नजरेला नाही: बऱ्याच वर्षांनी मोटरसायकलवर परतताना

“एकदा गाडी यायला लागली की ती कोणी विसरत नाही.” चौदा वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा मोटरसायकल घेतली तेव्हा हे वाक्य मला निदान चौघांनी ऐकवलं. पहिले दोन दिवस ते खरंही वाटलं. क्लच दाबला, पहिला टाकला, क्लच हळूच सोडला, गाडी निघाली. बंद पडली नाही की हिसका बसला नाही. मनात म्हटलं, चला, हात शाबूत आहे.

तिसऱ्या दिवशी पडलो, आणि तेही जवळजवळ उभ्या गाडीवरून. पार्किंगमधून बाहेर निघत होतो. हॅण्डल पूर्ण वळलेलं, वेग माणूस चालतो तेवढा. खांबाआडून एक मुलगा सायकल ढकलत पुढे आला आणि मी पुढचा ब्रेक करकचून आवळला. हॅण्डल वळलेलं असताना पुढचा ब्रेक असा दाबला की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला बसकण मारते. पाय टेकवला तर खाली बारीक खडी. दीडशे किलोची गाडी जरा कलते तोवर दोन बोटांनी सावरता येते. एका कोनापलीकडे गेली की पैलवानालाही आवरत नाही. इंडिकेटर तुटला, क्लचची लिव्हर वाकली, गुडघा आठवडाभर काळानिळा. मुलगा म्हणाला, “काका, लागलं का?” काका या शब्दाचं जास्त लागलं.

विशीत असतो तर त्या जागी पाय आपोआप मागच्या ब्रेकवर गेला असता. मधली चौदा वर्षं मी कार चालवली, आणि कारचा ब्रेक कसाही दाबा, ती आडवी पडत नाही. हातापायांना गिअर आठवत होते, पण काय केलं की काय होतं हा हिशेब पुसला गेला होता. जो गाडी साफ विसरलाय तो तसाही जपूनच चालवतो. हा लेख ज्यांना ‘येते की आपल्याला’ असं वाटतंय त्यांच्यासाठी.

पायरी १: आधी स्वतःकडे बघा

डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गाडीवर जास्त नडतं ते दुसरंच: कमी उजेडात दिसणं मंदावतं आणि समोरच्या दिव्याने डोळे दिपले की सावरायला वेळ लागतो. चष्मा असेल तर हेल्मेट घातल्यावर त्याच्या काड्या नीट आत जातात का, तेही बघा.

मग मानेची परीक्षा. खुर्चीवर ताठ बसा आणि खांदे न हलवता मागे वळून बघा. खांद्याच्या मागचं दिसलं पाहिजे, दोन्हीकडचं. आरशात न दिसणारी गाडी तिथेच असते. मान अडत असेल तर रोज थोडी मोकळी करा, पंधरा दिवसांत फरक पडतो. एका पायावर अर्धा मिनिट उभं राहता येतं का, मुठीत बॉल दहा-वीस वेळा जोरात दाबता येतो का, हेही करून पाहा. क्लच तासभर दाबत राहायचा तर मनगटात दम लागतो.

सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी पेंग येते. नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना ‘मी मोटरसायकल चालवणार आहे’ असं स्पष्ट सांगून विचारा. आणि परवान्याची मुदत, त्यातला मोटरसायकलचा वर्ग, गाडीचा विमा हे तीन कागद गाडीला हात लावण्याआधी काढून बघा. जुना परवाना खिशात आहे म्हणजे तो चालू आहे असं नव्हे.

पायरी २: गाडी

इथे दोन प्रकारची माणसं असतात. एकाची जुनी गाडी कोपऱ्यात झाकून ठेवलेली असते, दुसरा नवी घ्यायला निघालेला असतो. पहिल्याला जास्त सांगावं लागतं, कारण जुन्या गाडीवर माया असते आणि मायेपोटी माणूस तिला एक किक मारून बघतोच.

ती किक मारू नका. निदान लगेच नको. टाकीतलं पेट्रोल किती जुनं आहे? काही महिन्यांत पेट्रोल शिळं होतं. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकांत, बसतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते. जुनं पेट्रोल काढून टाका, टाकीत बॅटरीचा उजेड टाकून तळाला तांबूस भुकटी आहे का बघा. इंजिनचं ऑइल बदला, एअर फिल्टरचं झाकण उघडा. उंदरांना ती जागा फार आवडते.

नंतर टायर. याबाबतीत डोळा हमखास फसवतो. नक्षी पूर्ण शाबूत असलेला टायर बघून वाटतं, अरे, हा तर नवाच आहे. टायरच्या बाजूला बोट फिरवत ‘डॉट’ (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक शोधा. त्यातले शेवटचे चार आकडे लंबगोल चौकटीत असतात. तिथे २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालाय. रबर नुसतं उभं राहूनही कडक होतं. अंगठ्याचं नख रुतवून बघा, खाचांच्या तळाशी बारीक चिरा पडल्यात का बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासायचा आणि दहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही सुंदर असो, काढून टाकायचा, असं टायर कंपन्याच सांगतात. मी स्वतः मोटरसायकलवर एवढी वाट बघत नाही. कारण कडक टायर कोरड्या रस्त्यावर वर्षभर गुपचूप चालतो आणि पहिल्या पावसात वळणावर दगा देतो. नवा टायर घातला की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळू घ्या. त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो घासला जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही.

डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक ऑइल बदलाच. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मुरलं की लवकर उकळतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांबलचक उतारावर ब्रेक तापले की नळीत वाफ होते, लिव्हर स्पंजासारखी आत जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. तुमची गाडी आठ वर्षं उभी असेल तर चर्चाच नको. उभ्या गाडीचा कॅलिपरही, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, जॅम होतो. चाक हवेत उचलून हाताने फिरवा, ब्रेक दाबून सोडल्यावर ते परत मोकळं फिरलं पाहिजे.

बाकीचं भराभर: बॅटरी पूर्ण चार्ज करून तासाभराने मीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. चार्ज करूनही १२च्या खाली घसरत असेल तर ती संपली. चेनला गंज असेल, कड्या अडकत असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) एकदमच बदला. क्लच आणि रेसच्या केबल सुरळीत सरकतात ना? रेस सोडल्यावर मूठ आपणहून मागे आली पाहिजे. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्यांवर ऑइलचा ओघळ दिसला तर सील गेलं. हे सगळं घरी जमत नसेल तर मेकॅनिककडे गाडी टेम्पोत घालून न्या, चालवत नको. लोकांना यात कमीपणा वाटतो, मला अजून कळलेलं नाही का.

आता नवी घेणाऱ्यांसाठी. तरुणपणी परवडली नव्हती ती गाडी आता परवडते, हाच मोठा सापळा आहे. तेव्हा पंधरा अश्वशक्तीची चालवत होता आणि आता थेट सत्तरची घेणार असाल, तर तुम्ही ‘परतत’ नाही आहात, नव्याने शिकता आहात. सीटवर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला नीट टेकली पाहिजेत, आणि इंजिन बंद असताना गाडी तुम्हाला एकट्याला मागे ढकलता आली पाहिजे. दुकानात हेच दोन प्रयोग करा. बाकी सगळं विक्रेता सांगेलच.

मधल्या काळात गाड्याही बदलल्यात. चोक गेला, इंजेक्शन आलं. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की कित्येक गाड्या बंद पडतात. ती बिघडलेली नसते. मी पहिल्या दिवशी दहा मिनिटं सेल्फ मारत बसलो होतो आणि किल स्विच, म्हणजे हॅण्डलवरचं इंजिन तोडणारं बटण, ‘बंद’वर होता. गिअरचा क्रमही बघून घ्या. बहुतेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर, पण काही छोट्या गाड्यांत सगळेच पुढे दाबायचे असतात, आणि जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत गिअरच उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. तुमचा पाय ज्या गाडीवर तयार झाला तीच पद्धत तो घाईत वापरणार. म्हणून स्टँडवर उभ्या गाडीवर बसून पन्नास वेळा नुसतं ‘ब्रेक’ म्हणा आणि बरोबर पाय हलवा. घरचे हसतील.

पायरी ३: हेल्मेट आणि कपडे

जुनं हेल्मेट माळ्यावर सापडलं तर तिथेच राहू द्या. आतला थर्मोकोलसारखा थर आपटल्यावर दबून धक्का झेलतो, आणि तो एकदाच दबतो. आतलं कापड, चिकटवलेले जोड, पट्टा हेही वर्षांगणिक झिजतं. साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावं असा सल्ला असतो. नवं घेताना पूर्ण चेहरा झाकणारं घ्या, त्यावर तुमच्या देशात मान्य असलेलं मानक आहे का बघा. गालांवर घट्ट बसलं पाहिजे. पट्टा बांधून मागून वर उचलून बघा. डोक्यावरून निघत असेल तर एक माप लहान घ्या. दुकानात निदान दहा मिनिटं डोक्यावर ठेवा, कपाळावर एकाच जागी ठणकायला लागलं तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही.

हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट. पडताना माणूस हात पुढे करतो, म्हणून यातलं एकच घेणं शक्य असेल तर आधी हातमोजे घ्या.

पायरी ४: मोकळं मैदान

ही पायरी लोक गाळतात आणि नेमकी हीच गाळण्यासारखी नाही. जवळपास चालकांसाठी उजळणी वर्ग असेल तर सरळ तो करा. बाजूला उभं राहून आपल्या चुका सांगणारा माणूस मिळणं फार मोलाचं. नसेल तर पक्की फरशी किंवा डांबर असलेली रिकामी जागा, एक खडू, चार-सहा पाण्याच्या बाटल्या आणि सोबतीला एक माणूस घ्या. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. हात दुखायला लागला की थांबायचं, कारण दमलेला हात चुकीचीच सवय लावतो. असे निदान पाच-सहा दिवस.

सुरुवात सगळ्यात हळू गोष्टीने. हाफ क्लचवर, मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून, चालत्या माणसाच्या वेगाने सरळ रेषेत वीस मीटर जा. पाय खाली लोंबकळू द्यायचे नाहीत. रेस एकसारखी, वेग क्लचने आणि मागच्या ब्रेकने कमी-जास्त. जमलं की दोन बाटल्या ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा. इथे पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. (हे लिहिताना माझा गुडघा आठवतोय.) आणि नजर चाकापुढे नको, जिथे पोचायचं तिथे हवी, मान वळली की गाडी वळते. विश्वास बसत नसेल तर मुद्दाम बाटलीकडे बघत चालवा, बाटली चिरडाल.

मग ब्रेक. खडूने रेघ मारा, ३० किलोमीटरच्या वेगाने रेघेवर या आणि तिथून थांबा. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे जातं, पुढचा टायर जमिनीवर दाबला जातो, म्हणून थांबवण्याची मुख्य ताकद पुढच्या ब्रेकात असते. पण ती ताकद वजन पुढे गेल्यावर मिळते, आधी नाही. एकदम आवळलं तर चाक लॉक होऊन घसरतं. लिंबू पिळल्यासारखं दाबायचं: आधी नुसतं हाताला लागेपर्यंत, मग फोर्क दबल्याचं जाणवेल, मग वाढवत जायचं. हॅण्डल सरळ, गाडी उभी, दोन्ही ब्रेक. ३०च्या वेगाला पाच-सहा मीटरांत थांबायला लागलात की ४०, मग ५०. प्रत्येक वेळी थांबलात तिथे खडूची खूण करा, आठवडाभरात खुणा रेघेकडे सरकलेल्या दिसतील.

गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर तो मैदानातच एकदा तरी लागू द्या. लिव्हर बोटांखाली थरथरते, पायाखाली टकटक होतं. ज्याने हे कधी अनुभवलेलं नाही तो ऐन वेळी दचकून ब्रेक सोडतो. सोडायचा नाही, दाबून धरायचा. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण कललेल्या गाडीवर सगळ्याच एबीएसच्या भरवशावर राहता येत नाही. महागड्या गाड्यांत कलण्याचा अंदाज घेणारी यंत्रणा असते, साध्यांत नसते.

एवढा खटाटोप कशाला, याचा हिशेब सांगतो. ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. सरावलेला माणूस एका सेकंदात ब्रेकला हात घालतो आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर पुढच्या २० मीटरांत थांबतो: एकूण ३७. खंड पडलेला माणूस अर्धा सेकंद उशिरा हात घालतो आणि भीतभीत दाबतो, त्याला २५ अधिक २८ लागतात. म्हणजे ५३. मधले सोळा मीटर म्हणजे एकामागे एक चार मोटारी. समोर वळलेली गाडी त्या चारांपैकी पहिलीच असते.

शेवटी वळणं. चालत्या वेगापेक्षा जास्त वेग असला की मोटरसायकल हॅण्डल वळवून वळत नाही. डावीकडे जायचं तर डावी मूठ किंचित पुढे ढकलायची, गाडी डावीकडे कलते आणि वळते. उलटं वाटतं, पण सायकलवरही आपण हेच करत असतो, नकळत. विमानाच्या शोधाआधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइटने हे बारकाईने पाहिलं होतं, आणि सायकलवाल्यांना विचारल्यावर जवळजवळ कोणालाच ते सांगता येत नाही असा त्याचा अनुभव होता. तुम्ही मात्र जाणूनबुजून करून बघा. २५-३०च्या वेगाला सरळ चालत असताना हलकेच ढकला. अचानक आडव्या आलेल्या खड्ड्याला चुकवायचं तर हीच एक युक्ती उपयोगी पडते, आणि ती तेव्हा आठवून करायला वेळ नसतो.

पायरी ५: रस्ता

पहिल्या फेऱ्या सकाळी, ओळखीच्या रस्त्यावर, अर्ध्या तासाच्या. सोबत कोणी नको, फोन खिशात बंद.

कार चालवून नजरेला एक सवय लागलेली असते: पुढच्या गाडीकडे बघायचं, बस. रस्त्याच्या पृष्ठभागाकडे कारवाला बघतच नाही, त्याला गरज नसते. मोटरसायकलवर रस्ता वाचावा लागतो. वळणावर सांडलेली वाळू, डिझेलचा तवंग, ओला पांढरा पट्टा, गटाराचं लोखंडी झाकण, दुरुस्तीचं चकाकणारं डांबर. बराच काळ कोरडं गेल्यावर पडलेल्या पहिल्या सरीचा पहिला अर्धा तास सगळ्यात निसरडा. मी पहिले काही दिवस हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलत चालवायचो: “पुढे वाळू, रिक्षा थांबलीय, दार उघडेल, आरसा.” वेड्यासारखं वाटतं, पण नजर आठवड्यात जागी होते.

दुसरी गोष्ट चौकांची. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन घडले होते, आणि अशा टकरींत तीनपैकी दोन वेळा दुसऱ्या वाहनचालकाने मोटरसायकलची वाट अडवली होती. बहुतेकांचं म्हणणं एकच: दिसलीच नाही. समोरून येणारी मोटरसायकल अरुंद असते, तिचा वेग आणि अंतर दोन्हीचा अंदाज चुकतो. म्हणून समोरचा चालक तुमच्याकडे बघतोय यावर जाऊ नका, बघूनही तो वळतो. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. चाक हललं की कळतं, डोळ्यांवरून काही कळत नाही. चौक जवळ आला की रेस सोडा, दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा. नुसती बोटं तिथे असली तरी तो अर्धा सेकंद वाचतो. मोठ्या गाडीच्या मागे लपून चौक ओलांडू नका, वळणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही.

पुढच्या गाडीपासून अंतर मोजायचं तर खांब धरा. तिने खांब ओलांडला की मनात मोजा, तुम्ही तिथे दोन सेकंदांआधी पोचता कामा नये; पहिले काही महिने तीन ठेवा. मध्ये कोणी घुसेल. घुसू द्या, परत मागे राहा.

वळणांवर वेग आधीच कमी करायचा, आत शिरल्यावर नाही. वळण वाटलं त्यापेक्षा तीव्र निघालं की घाबरून नजर कठड्याला चिकटते आणि गाडी तिकडेच जाते. बाटली आठवा. बाहेर पडायच्या वाटेकडे मान वळवा आणि आतली मूठ आणखी ढकला. गाडी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त कलू शकते.

पायरी ६: कशाला थांबायचं

रात्र, मुसळधार पाऊस, लांबचा प्रवास, मित्रांचा ताफा हे सगळं पहिल्या हजारेक किलोमीटरनंतर, एकेक करून. एकाच दिवशी रात्रही आणि पाऊसही असं नको. ताफ्याबद्दल तर मी जरा कडकच आहे: पुढच्यांनी वेग वाढवला की मागे पडायची लाज वाटते, आणि ती लाज रेस पिळते. जायचंच तर भेटायची जागा ठरवा आणि आपल्या वेगाने पोचा.

लांब जाताना तासाभराने उतरा, पाणी प्या. वाऱ्याचा आवाज हेल्मेटच्या आतही कानांना शिणवतो. कायदा परवानगी देत असेल तर मऊ इअरप्लग वापरा, उतरल्यावर डोकं हलकं राहतं.

डबलसीट सगळ्यात शेवटी. मागे माणूस बसला की वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं वाटतं, थांबायला अंतर वाढतं आणि हळू वेगात तोल वर सरकतो. आधी पुस्तिकेत बघून मागच्या टायरची हवा आणि सस्पेन्शन दोन माणसांसाठी लावून घ्या. बसणाऱ्यालाही हेल्मेट, बूट, हातमोजे. त्याला सांगा: मी ‘बस’ म्हटल्याशिवाय पाय टाकायचा नाही, वळणावर माझ्या आतल्या खांद्यावरून बघायचं, थांबलो तरी पाय पायदानावरच. मग पुन्हा मैदानात जा, खडूची रेघ मारा, ३०च्या वेगाने दोघे मिळून ब्रेक मारून बघा. माझ्या बायकोचं हेल्मेट पहिल्या वेळी माझ्या हेल्मेटवर असं आपटलं की ती म्हणाली, “अजून दोन दिवस तू एकटाच ये.” आणि मी आलो.